सतरा नंबरचा वर्ग

शिक्षकांच्या खोलीत 'सतरा नंबर' हा शब्द आम्ही जवळजवळ शिवीसारखा वापरत असू. राज्य माध्यमिक मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचे असेल तर जो अर्ज भरावा लागतो, त्याचा हा क्रमांक. नववीत एखादा मुलगा गणितात आणि इंग्रजीत गडगडला, की निकालाच्या दिवशी त्याच्या आईला बोलावून घ्यायचे, 'याला पुन्हा नववीत बसवण्यापेक्षा दाखला न्या आणि पुढे सतरा नंबर भरा' असे समजुतीच्या स्वरात सांगायचे, आणि दहावीचा निकाल खाली ओढणारे एक नाव पटावरून कमी झाले म्हणून निःश्वास सोडायचा, हा क्रम मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवताना बरीच वर्षे पाळला. त्या मुलांचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

२०२१ मध्ये मी निवृत्त झाले. पुढच्या वर्षी जून महिन्यात उत्तर नागपुरातल्या एका छोट्या संस्थेने संध्याकाळच्या वर्गासाठी गणिताची शिक्षिका हवी म्हणून निरोप पाठवला. जागा म्हणजे कामठी मार्गापासून आत, एका वस्तीतल्या बुद्ध विहाराची अभ्यासिका. एका बाजूला पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले मान खाली घालून वाचत बसलेली, दुसऱ्या बाजूला आमच्या खुर्च्या, आणि मध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांचे एक कपाट. वेळ सात ते साडेनऊ. पहिल्या आठवड्यात १५ ते १९ वयाची एकोणीस मुले-मुली आली, आणि त्यांतली बहुतेक दिवसभर काम करून आलेली होती. त्यांची नावे मी येथे लिहिणार नाही. कामावरून ओळख देते, जरी तोंडावर मी त्यांना तसे कधीच हाकारले नाही: ऑटोमोटिव्ह चौकाजवळ टायर पंक्चर काढणारा, कळमना बाजारात मिरचीचे देठ खुडायला जाणारी, सेंटरिंगच्या कामावर जाणारा, लग्नांत कॅटरिंगवाल्यांच्या हाताखाली वाढपी म्हणून राबणारा.

दोघांच्या नावावर पोलीस ठाण्यात नोंदी होत्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाला गुन्हेगार म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. त्यांच्यापैकी एकाने पहिल्याच आठवड्यात मला हा शब्द कागदावर दाखवून अर्थ विचारला. मी शब्द फोडून सांगितला. तो म्हणाला, 'म्हणजे कायद्याशी भांडण झालेला पोट्टा. मग तसंच लिहा ना, मॅडम.' हा मुलगा हातात आलेला कोणताही कागद ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द ओठांत म्हणत वाचत असे. न वाचता सही करायची नाही, हे त्याला कोणी तरी फार बजावून सांगितले होते. पुढे या सवयीचा मला किती उपयोग होणार आहे, हे तेव्हा लक्षात आले नाही.

शिकवायला सुरुवात करण्याआधी दोन महिने कागदांत गेले. सतरा नंबर भरण्यासाठी किमान पाचवी उत्तीर्ण असल्याचे आणि जन्मतारखेचे पुरावे लागतात, आणि त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा. मग मंडळाने नेमून दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत जाऊन अर्ज आणि पुढे अंतर्गत मूल्यमापन. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सहा मुलांचे दाखले शाळांकडे अडकलेले होते. एका शाळेने दोन वर्षांची फी थकली म्हणून दाखला रोखून धरला होता. मुलाची आई पाच वेळा जाऊन आली होती. आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला ताबडतोब द्यायला मुख्याध्यापक शिक्षण हक्क कायद्याने बांधलेले आहेत, पण हा मुलगा नववीतून सुटलेला, त्यामुळे मी कायद्याचा कागद घेऊन गेले तेव्हा लिपिकाने तो अतिशय अदबीने वाचला आणि परत दिला. तिसऱ्या खेपेला तेथील एक पर्यवेक्षक माझ्या ओळखीचे निघाले आणि चहा संपण्याच्या आत दाखला हातात आला. आईच्या पाच खेपांनी जे झाले नाही ते माझ्या एका ओळखीने झाले, याचा आनंद मानावा की नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

सेंटरिंगवाल्या मुलाचा दाखला मात्र त्याच्या घरीच होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला. उघडला तर तो माझ्याच शाळेचा, २०१९ सालचा. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिलेले, आणि खाली वर्गशिक्षक म्हणून माझी सही. अक्षरही माझेच. मी त्याच्याकडे पाहिले. तीन वर्षांत तो हातभर उंच झाला होता, मिशी फुटली होती, आणि खरे सांगायचे तर उंची वाढली नसती तरी मी त्याला ओळखले असते याची खात्री देता येत नाही. त्याने मला पहिल्या दिवशीच ओळखले होते. 'आईनं विनंती नव्हती केली, मॅडम,' एवढेच तो म्हणाला, तेही तक्रारीच्या सुरात नाही, हिशेबातली एखादी चूक दाखवावी तसे. मी काही उत्तर दिले नाही. अर्ज भरून घेतला.

ऑगस्टमध्ये मी सर्वांना चौथीच्या मराठीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला. एकोणीसपैकी सात जणांना तो अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. हे सातही जण कागदोपत्री आठवी उत्तीर्ण होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही अशी तरतूद होती, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळा दोष तिच्यावर टाकण्याची पद्धत आहे. पण त्याच कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही सांगितले होते, म्हणजे मूल कोठे अडले ते वर्षभर पाहत राहायचे आणि तेथेच त्याला हात द्यायचा. आम्ही तरतुदीचा पहिला भाग पाळला आणि दुसऱ्याचे तक्ते भरले. त्यानंतर करोनाच्या दोन वर्षांत शाळा बंदच होत्या. आता राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली आहे. न वाचता येणारे मूल तिच्यामुळे आठवीऐवजी पाचवीत दिसेल हे खरे, पण दिसल्यावर त्याला वाचायला कोण शिकवणार, हा प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

माझी खरी फजिती मात्र वाचता येणाऱ्या बारा जणांनी केली. गणिताचे उदाहरण मी फळ्यावर सोडवून दाखवले की त्यांना समजत असे. सेंटरिंगवाल्याला अपूर्णांक शिकवावेच लागले नाहीत, कारण तो दिवसभर सुतांत मोजत असे: आठ सूत म्हणजे एक इंच, चार सूत म्हणजे अर्धा. तीन फूट, चार फूट आणि तिरपे पाच फूट मोजून कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे की नाही हे तो रोज तपासत होता, म्हणजे पायथागोरसचा सिद्धांत त्याच्या हातात होता. वाढप्याला अर्थनियोजनाच्या प्रकरणातला वस्तू व सेवा कर मी समजावण्याआधीच माहीत होता. कच्चे बिल आणि पक्के बिल यांतला फरक त्याने उलट मलाच समजावून दिला, आणि तो पुस्तकातल्यापेक्षा बराच सविस्तर होता. असे असूनही जुनी प्रश्नपत्रिका पुढे ठेवली की हीच मुले कोरा कागद परत देत. 'मले समजते, मॅडम, पण वाचाले घेतलं का सारं उडून जाते,' असे मिरचीवाली म्हणाली.

म्हणून एका संध्याकाळी मी उत्तरे बाजूला ठेवली आणि फक्त प्रश्नांचे अर्थ विचारायला सुरुवात केली. 'पुढीलपैकी' म्हणजे पुढच्या पानावरचे, असे तिघांनी सांगितले. 'सकारण स्पष्ट करा' मधला 'सकारण' एकाला सरकारी कामाशी संबंधित वाटत होता. 'अनुक्रमे' हा शब्द कोणालाच माहीत नव्हता. 'कोणतेही दोन सोडवा' या सूचनेवर बहुतेकांची नजर कधी पडलीच नव्हती, त्यामुळे ज्याला तीन येत तो तिन्ही सोडवण्यात वेळ घालवी आणि ज्याला दोनच येत तो तिसरा येत नाही म्हणून खचून जाई. सेंटरिंगवाला काटकोन त्रिकोणाच्या प्रश्नात 'कर्ण' या शब्दाशी थांबला होता. तिरपा पाच फूट आणि कर्ण ही एकच वस्तू आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि ते न सांगणाऱ्यांत मी होते. भाषेच्या पेपरांना तर हल्ली प्रश्नपत्रिकाही म्हणत नाहीत, कृतिपत्रिका म्हणतात, आणि 'आकृतिबंध पूर्ण करा', 'चौकटी पूर्ण करा', 'स्वमत लिहा' अशा तिच्यातल्या सूचना कळण्यासाठीच एक वेगळा तास लागतो. तीस वर्षे मी उत्तरे शिकवली होती. प्रश्न वाचायला शिकवण्याचा एक धडाही मी त्या काळात घेतल्याचे मला आठवत नाही.

दसऱ्यानंतर आम्ही एक नियम केला. रोज पहिली दहा मिनिटे जुनी प्रश्नपत्रिका हातात घ्यायची, पेन खाली ठेवायचे, आणि काय विचारले आहे ते आपल्या शब्दांत सांगायचे. उत्तर येत असले तरी सांगायचे नाही. हा शेवटचा भाग मुलांना फार छळवादी वाटला. टायरवाला तर वैतागून म्हणाला, 'पंक्चर सापडलं, पण काढाचं नाही, असं झालं हे.' पण ते त्यानेच नकळत बरोबर ओळखले होते: ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कोठून येतो ते पाहिल्याशिवाय कोणी ठिगळ लावत नाही. दहा मिनिटे हा आकडा मी मंडळाच्या पद्धतीवरून घेतला होता. परीक्षेत प्रश्नपत्रिका वेळेच्या दहा मिनिटे आधी वाचनासाठी दिली जात असे, आणि शाळांतली मुले ती दहा मिनिटे कशीबशी काढत. माझ्या मुलांची परीक्षा त्या दहा मिनिटांत सुटेल असे मी धरून चालले होते. बोट ठेवून वाचणाऱ्या मुलाला मी या कामात पुढे केले. तो जोडीदाराच्या कागदावर बोट ठेवी आणि एकच प्रश्न विचारी: 'याच्यात आपल्याले काय मांगून राहिले?' माझ्यापेक्षा त्याचे अधिक ऐकले जात असे.

या सगळ्यांत तिघांसाठी मी वेगळी वाट शोधली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला गणित अनिवार्य नाही, विषय निवडता येतात, मराठी माध्यम आहे, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. ज्यांना महिन्यातले पंधरा दिवसच येता येते त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. पालकांना ते 'बोर्डाचे नाही' म्हणून खोटे वाटे आणि ते खरे आहे हे पटवण्यात माझे दोन रविवार गेले. पण त्यातली मेख मलाही टोचत होती. श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्रीसारख्या अभ्यासक्रमाला जायचे तर दहावीला गणित आणि विज्ञान लागते, आणि गणित सोडलेल्या मुलाला तो दरवाजा बंद होतो. दोन मुलींनी हे समजून गणित सोडले. एका मुलाने सोडले ते माझ्या आग्रहावरून, आणि तो निर्णय बरोबर होता असे मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही.

हजेरीबद्दल फार लिहीत नाही. फॉर्म भरण्याआधीच तिघे गेले होते. एका मुलीचे अठरा पूर्ण होताच तुळशीचे लग्न लागल्यावरच्या पहिल्या मुहूर्तावर लग्न झाले, आणि तिचे परीक्षेचे हॉल तिकीट माझ्या फाईलमध्ये पडून राहिले. उशिरा येणाऱ्याला कारण विचारणे मी नोव्हेंबरात बंद केले, कारण कारण सांगण्यात आणखी पाच मिनिटे जात आणि खोटे बोलावे लागल्यामुळे मूल उरलेला तास माझी नजर चुकवत असे. संस्थेने रोजच्या तर्री पोह्यांची सोय केल्यावर हजेरी जितकी सुधारली तितकी माझ्या कोणत्याही बोलण्याने सुधारली नव्हती. जानेवारीत नव्या मिरचीची आवक सुरू झाली आणि मिरचीवालीचे डोळे कायम लाल दिसू लागले. ती हात तीनतीनदा धुऊन येई, तरी पुस्तकाच्या पानांना ठसका असे, आणि तिच्या शेजारी बसणारे शिंकत शिंकत बीजगणित शिकत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, परीक्षा तोंडावर आली असताना, मंडळाने दहा मिनिटे आधी प्रश्नपत्रिका देण्याची पद्धत बंद केली. प्रश्नपत्रिका मोबाईलवरून बाहेर जातात, हे कारण होते, आणि ते खोटे नव्हते. त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून देण्यात आली. ज्या दिवशी बातमी आली त्या संध्याकाळी मी वर्गात काय बोलले ते मला आठवत नाही, पण चेहरा पडलेला असणार, कारण मुले गप्प होती. चार महिने ज्या दहा मिनिटांचा सराव केला तीच काढून घेतली होती. टायरवाल्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, 'मागून देऊन राहिले ना? मग आपण ते समोर लावून टाकू. टाइम तर तेवढाच होते.' पहिली दहा मिनिटे पेन उचलायचे नाही, वाचायचे, आणि मग लिहायला लागायचे. शेवटी मिळणारी दहा मिनिटे त्याची भरपाई करतील. इतके सरळ गणित गणिताच्या शिक्षिकेला सुचले नव्हते.

हिशेब सोपा असला तरी तो वर्गात पाळणे सोपे नव्हते. आजूबाजूला पंचवीस मुले पहिल्या मिनिटापासून खरडू लागलेली असताना हात मांडीवर ठेवून बसायला जी छाती लागते, तिचा सराव आम्ही उरलेल्या पंधरा दिवसांत केला. अभ्यासिकेतल्या भरतीच्या मुलांना मी विनंती केली आणि ती आमच्याभोवती बसून मुद्दाम भराभर पाने उलटत लिहिण्याचा आवाज करत.

२ मार्चला मराठीने सुरुवात झाली. बारा जण बोर्डाच्या परीक्षेला बसले. ७ मार्चची धुळवड पेपरांच्या मध्येच आली आणि त्या दिवशी मी दहा घरी फिरून मुले वस्तीतच आहेत ना हे पाहून आले. त्यांतल्या चौघांनी मलाच रंगवून परत पाठवले. बीजगणिताच्या दिवशी केंद्राबाहेर मी थांबले होते. मिरचीवाली बाहेर आली ती हसतच. पहिल्या दहा मिनिटांत पर्यवेक्षक दोनदा तिच्या बाकाजवळ आले होते. दुसऱ्यांदा त्यांनी विचारले, 'काही येत नाही का? लिहीत का नाहीस?' तिने सांगितले, 'वाचून राहिली, सर.' ते काही न बोलता पुढे गेले, आणि ती म्हणाली की त्यानंतर तिची भीती गेली.

२ जूनला निकाल लागला. राज्याचा ९३.८३ टक्के, आणि सर्व विभागांत नागपूर शेवटचे. आमचे बारांपैकी सात उत्तीर्ण झाले, म्हणजे ५८ टक्के. माझ्या जुन्या शाळेत हा आकडा आला असता तर मुख्याध्यापकांनी सभा बोलावली असती. मिरचीवाली ५४ टक्क्यांनी पास झाली. बोट ठेवून वाचणाऱ्याला मराठीत ७१ गुण होते आणि भूमितीने तो जेमतेम तरला. तिघांचे एकेक-दोनदोन विषय राहिले, त्यात सेंटरिंगवाल्याचे गणित होते. भूमितीत त्याला चांगले गुण होते. बीजगणिताने त्याला खाली खेचले होते, आणि ते मला पटेना.

आम्ही उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ती आली तेव्हा तो कामावरून थेट आला होता, हाताला सिमेंट, आणि मी आधी हात धुऊन ये म्हटले. वयांवरच्या शाब्दिक उदाहरणात त्याने दोन चलांची समीकरणे अचूक मांडली होती, किमतीही अचूक काढल्या होत्या. विचारले होते मुलाचे वय, आणि त्याने अखेरच्या ओळीत वडिलांचे वय लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. अशीच आणखी दोन उदाहरणे निघाली. मी पेपर त्याच्यापुढे ठेवला. त्याने प्रश्नावर बोट ठेवले, ओळ संपेपर्यंत नेले, मग मागे आणून एका शब्दापाशी थांबवले आणि तेथे पेनाने बारीक खूण केली.

'इथपर्यंतच वाचलं म्या,' तो म्हणाला. 'मग वाटलं, येते आपल्याले.'

जुलैच्या पुरवणी परीक्षेत तो गणितात ४३ गुणांनी सुटला. प्रवेशाचा अर्ज भरताना आधीचा दाखला जोडायचा होता. मी तो पिशवीतून काढला, कारणाचा रकाना पुन्हा एकदा वाचला, आणि त्याची छायाप्रत काढायला त्याच्याबरोबर चौकातल्या दुकानात गेले.